गावठाण वाचवायचे तर बांध रिकामा ठेवावा लागेल

एका गावाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले गाव. वरच्या अंगाने नाला येतो, त्याचे पाणलोट क्षेत्र साधारण २ चौरस किलोमीटर. परतीच्या पावसात दर तीन-चार वर्षांनी गावठाणात पाणी शिरते. ग्रामसभेत असे ठरले की नाल्यावर मातीचा बांध घालायचा, म्हणजे पूरही थांबेल आणि उन्हाळ्यात विहिरींना पाणीही राहील. बांध किती उंच हवा, कसा बांधावा, काय चुकू शकते?

'पूरही थांबेल आणि पाणीही राहील' यातल्या दोन 'ही'पाशीच आधी थांबावे लागेल. पाणी साठवणे आणि पूर अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकाच बांधात ती एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. साठवणीचा तलाव सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेला असावा, अशी आपली इच्छा असते. तुमच्याकडे पूर येतो तोही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच. भरलेल्या तलावात वरून जितके पाणी येते, जवळजवळ तितकेच सांडव्यावरून खाली जाते. नाशिककरांना हे गंगापूर धरणावरून ठाऊक आहे. धरण भरत असते तोवर रामकुंडावर फारसे काही जाणवत नाही. ते भरत आले, विसर्ग वाढला, की पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढू लागते. गंगापूरला निदान दरवाजे आहेत, पाणी आधी सोडून जागा करता येते. गावच्या बांधाला दरवाजे नसतात आणि रात्री दोन वाजता ते उघडायला माणूसही नसतो. त्यामुळे पुरासाठी ठेवलेली जागा आपोआप रिकामी होईल, अशीच रचना करावी लागते.

बांधाकडे वळण्याआधी एक दिवस नाल्यात चाला. पाणी नेमके कुठून बाहेर पडते ते पाहा. बऱ्याच गावांत दोष नाल्याचा नसतो, रस्त्याखालच्या मोरीचा असतो. मोरीत ६०० मिलिमीटरचे दोन पाईप, त्यांतला एक गाळाने बुजलेला, दुसऱ्याच्या तोंडाशी झुडपे आणि मल्चिंगचा कागद अडकलेला, वर उंच केलेला डांबरी रस्ता. असा रस्ताच पाणी तुंबवून घरांत ढकलतो. तसे असेल तर तिथे बॉक्स मोरी बांधणे बांधापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. नाल्यात अतिक्रमण झाले असेल, तर आधी ते मोजून घ्या. डोंगरउतारावरचे सलग समतल चर, लहान नालाबांध, गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेल्या दगडांचे बांध) हे सगळे करावे. त्यांनी गाळ कमी येतो आणि लहान पावसाचे पाणी मुरते. पण १०० मिलिमीटरच्या सरीत हे चर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच भरतात, पुढच्या लोंढ्याला ते काही करत नाहीत.

आता हिशेब. तुमच्या भागात पाऊस वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, पण तो पडतो तेव्हा कोसळतो. दोन-अडीच तासांत १०० मिलिमीटर, त्यात मधला अर्धा-पाऊण तास ताशी १०० च्या वेगाने, अशी सर धरू. जमीन आधीच भिजलेली असेल तर निम्मे पाणी वाहून येते. २ चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. ऐन लोंढ्याचा वेग सेकंदाला सुमारे २८ घनमीटर, म्हणजे हजार क्युसेकच्या जवळपास. आता बांधामागे ९० हजार घनमीटर जागा रिकामी असली आणि तळाजवळ ९०० मिलिमीटरचा एक उघडा पाईप असला, तर पाईपवर ४ मीटर पाणी चढल्यावर त्यातून सेकंदाला साडेतीन घनमीटरच्या आत पाणी बाहेर पडते. २८ च्या जागी साडेतीन. गावातल्या नाल्यात ते सहज मावते. सर थांबल्यावर दहा-बारा तासांत बांध पुन्हा रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार असतो. पूरनियंत्रणाचा बांध म्हणतात तो हा.

हेच गणित इगतपुरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे बसत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण एकाचा नकाशा दुसरा उचलतो. तिकडे दिवसाला २५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार-चार दिवस लागून. जमीन तुडुंब असल्याने तीन चतुर्थांश पाणी वाहते. तेवढ्याच पाणलोटातून एका दिवसात पावणेचार लाख घनमीटर येते आणि दोन पावसांमध्ये बांध रिकामा व्हायला उसंतच मिळत नाही. सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव या पट्ट्यात मात्र सर छोटी पण जोरदार असते. तिथे असा बांध खरोखर उपयोगी पडतो.

९० हजार घनमीटर मावायला इंग्रजी व्ही आकाराच्या खोऱ्यात ६ मीटर पाण्याला साधारण साडेचार हेक्टर, म्हणजे ११ एकर जमीन पाण्याखाली जाते. ती फक्त अर्धा दिवस जाते, पण जाते. ज्याच्या शेतात ऐन काढणीला आलेल्या सोयाबीनवर गढूळ पाणी उभे राहणार, त्याची संमती आणि मोबदला कागदावर आल्याशिवाय पोकलेन आणू नये. पुढची सगळी भांडणे याच ठिकाणी सुरू होतात.

मापे अशी धरता येतील. नाल्याच्या तळापासून सांडव्याचा माथा ६ मीटर, त्यावर पुराचे पाणी १.२ मीटर, त्यावर मोकळी उंची १.२ मीटर. बांध एकूण ८.४ मीटर. माथ्याची रुंदी ३ मीटर. पाण्याकडचा उतार १ ला ३, म्हणजे १ मीटर उंचीला ३ मीटर आडवे, कोरड्या अंगाचा १ ला २. पायथा ४५ मीटरच्या घरात जातो. १८० मीटर लांबीच्या बांधाला भराव साधारण १३ हजार घनमीटर लागतो, खंदक वेगळा. सैल माती हायव्यातून आणायची तर हजाराच्या वर खेपा होतात. पाण्याकडचा उतार साठवण तलावाला अडीचला केलेला चालून जातो. इथे तो तीनला ठेवा, कारण या बांधात पाणी झपाट्याने चढते आणि झपाट्यानेच उतरते. पाणी उतरले तरी मातीच्या पोटातले पाणी तितक्या लवकर उतरत नाही, आणि जड झालेला उतार घसरतो. साठवण तलावावर ही वेळ क्वचित येते, तुमच्या बांधावर ती दर मोठ्या पावसाला येणार.

खर्चात काटछाट करायची झाली तर ती कुठेही करा, सांडव्यात करू नका. मातीचा बांध ओव्हरटॉप झाला, म्हणजे पाणी माथ्यावरून वाहू लागले, की तासाभराचा प्रश्न असतो. सांडवा काढताना पाईप पूर्ण बुजलेला आहे आणि बांध सांडव्याच्या माथ्यापर्यंत आधीच भरलेला आहे असे धरायचे. मग कमाल पूर किती? आपल्याकडे इंग्लिसचे सूत्र वापरतात. पाणलोटाच्या चौरस किलोमीटरला १२४ ने गुणायचे, आणि त्याच चौरस किलोमीटरमध्ये १०.४ मिळवून त्याच्या वर्गमुळाने भागायचे. २ चौरस किलोमीटरला उत्तर येते सेकंदाला ७० घनमीटर. सूत्र घाटातल्या पंख्यासारख्या पाणलोटांसाठी बांधलेले आहे, पूर्व भागात ते जास्त भरते, डिकन्सच्या सूत्राने निम्मेच येते. तरीही मी ७० धरीन. खाली गावठाण आहे, बांधाला दरवाजा नाही, आणि लहान पाणलोटात ढगफुटीसारखी सर सगळ्या क्षेत्रावर एकाच वेळी पडू शकते. सांडव्यावर १.२ मीटर पाणी धरले तर ७० घनमीटर जायला ३२ मीटर लांबी लागते. ०.९ मीटरच धरले तर ४८ मीटर. जागा असेल तर लांबी वाढवा आणि पाण्याची उंची कमी ठेवा.

सांडव्याची जागा भरावावर कधीही घेऊ नका. बाजूच्या टेकाडातली नैसर्गिक खिंड शोधा आणि सांडवा कठीण मुरूम किंवा खडकात कापा. माथ्यावरच पाण्याचा वेग सेकंदाला पावणेतीन मीटरच्या पुढे असतो, सांडव्याचे पाणी खाली नाल्यापर्यंत नेणाऱ्या पुच्छ कालव्याच्या उतारावर तो आणखी वाढतो. मुरूम हा वेग सोसत नाही. म्हणून माथ्यावर काँक्रीटची आडभिंत खडकात किमान अर्धा मीटर रुतवून घ्या, आणि पुच्छ कालवा नाल्याला मिळतो तिथे खडक नसेल तर दगडी पायऱ्या किंवा गॅबियन द्या. सांडव्याची झीज नेहमी खालून सुरू होते. नाल्याच्या तोंडाशी एक कड पडते आणि ती दर पुराला मागे मागे सरकत माथ्यापर्यंत येते. खालचे टोक दुर्लक्षित राहते, कारण पाहणीला आलेली माणसे माथ्यावरूनच परत फिरतात. सांडव्याचे पाणी बांधाच्या पायथ्याकडे वळू नये म्हणून मधे दगडी अस्तराचा मार्गदर्शक बांध हवा. भरावाचा मधला भाग पुढे खचतो, म्हणून बांधाचा माथा मधे १५ ते २० सेंटिमीटर उंचावलेला ठेवा.

दुसरी नाजूक जागा पाईप. भरावातून आडवा जाणारा पाईप म्हणजे पाण्यासाठी आयती वाट. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा कामे अजून पुरी व्हायची होती, आणि भरावाखालून जाणाऱ्या विमोचकापाशीच, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेपाशीच, भराव खचत गेला. आकार कितीही लहान असला तरी धडा तोच. पाईप भरावावर टेकवायचा नाही. नाल्याच्या तळापेक्षा दीड मीटर उंचीवर, एका बाजूच्या काठात, मूळ कठीण मुरमात चर खणून त्यात बसवायचा. एनपी-४ दर्जाचा, म्हणजे जड भार सोसणारा, आरसीसी पाईप, खाली काँक्रीटची गादी आणि सगळीकडून किमान १५ सेंटिमीटर काँक्रीटचे वेष्टन. वेष्टनाच्या बाजू उभ्या न ठेवता किंचित आत झुकवा, म्हणजे रोलरने दाबलेली माती तिला घट्ट बसेल. उभ्या बाजूशी माती नीट दबत नाही आणि तिथूनच पाझर सुरू होतो. रोलर पोचत नाही तिथे दहा सेंटिमीटरचे थर हातातल्या यांत्रिक धुमसाने दाबायचे. पूर्वी पाईपभोवती काँक्रीटच्या कॉलर घालत. त्यांच्या कोपऱ्यात माती दाबणे आणखी अवघड होते, म्हणून आता कोरड्या अंगाकडच्या एक तृतीयांश भागात पाईपभोवती स्वच्छ वाळूची सुमारे एक मीटर जाडीची चौकट देतात आणि ती खाली दगडी पायथ्यात सोडतात. पाईपच्या कडेने आलेले पाणी वाळूतून गाळून निघते, मातीचा कण वाहून जात नाही.

पाईपच्या तोंडाशी काँक्रीटची चौकोनी विहीर आणि तिला तिरपी लोखंडी जाळी. सळयांमध्ये अंतर १५ सेंटिमीटर, जाळीचे एकूण क्षेत्र पाईपच्या तोंडाच्या किमान पाचपट, म्हणजे ३ चौरस मीटरच्या वर. आपल्या शिवारात पुरासोबत काय वाहून येते ते आठवा. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, टोमॅटोच्या बागेतली सुतळी आणि बांबू, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग. उभी आणि लहान जाळी पहिल्या पंधरा मिनिटांत बुजते. जाळी तिरपी असली की पाणी चढते तसा कचरा वर सरकतो. पाईपच्या बाहेरच्या तोंडातून पाणी सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने निघते, तिथे मोठ्या दगडांचे कुंड करा, नाहीतर पायथ्यालाच खड्डा पडतो. आणि पाईपला झडप बसवू नका. ही अट मी शेवटपर्यंत सोडणार नाही. झडप असली की ती बंद होते.

तळातला दीड मीटर पाईपच्या खाली राहतो. त्यात पाणी फार नाही, जेमतेम चौदाशे घनमीटर. जनावरांना काही आठवडे पुरेल, जवळच्या दोन-चार विहिरींना थोडा आधार होईल. पण त्याचा खरा फायदा वेगळा आहे, तो पुढे येतोच. गाळही याच जागेत बसतो. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात तो काढून शेतात पसरा, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत हे काम बसवता येते.

पायाकडे येऊ. बांधाच्या मध्यरेषेवर दर ३० मीटरला चाचणी खड्डा, नाल्याच्या पात्रात किमान दोन. आपल्याकडचा खडक बेसाल्ट आहे, पण सगळा एकसारखा नाही. काळा पाषाण घट्ट असला तरी त्याला उभ्या भेगा असतात. मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्या भरून आलेला बेसाल्ट, मऊ असतो पण बहुधा पाणी धरतो. दोन थरांमध्ये कुठे तांबडा बोल, म्हणजे लाल मातकट थर, सापडतो, तो हवेवर उघडा पडला की लवकर भुगा होतो, म्हणून खंदक खणल्यावर दोन-तीन दिवसांत झाकायचा. आडवा डाईक, म्हणजे जुन्या भेगेत लाव्हा गोठून झालेली खडकाची भिंत, गेला असेल तर त्याच्या दोन्ही कडांना फुटलेला खडक असतो आणि पाणी तिथूनच पळते. खड्डा पाण्याने भरून रात्रभरात पातळी किती उतरते ते मोजा. प्रयोगशाळेच्या आकड्याआधी ही साधी चाचणी बरेच सांगून जाते.

बांधाच्या सगळ्या पायावरची वरची ३० सेंटिमीटर माती मुळ्यांसकट काढा. मध्यरेषेवर खंदक खणा, तळाशी किमान ३ मीटर रुंद म्हणजे रोलर आत चालेल, बाजू १ ला १, आणि न पाझरणाऱ्या थरात अर्धा मीटर आत. खडकाच्या भेगा झाडून, पाणी मारून, सिमेंटच्या गाऱ्याने भरा. खंदक झऱ्याच्या पाण्याने भरलेला असताना त्यात माती टाकू नका. पंप लावा, कोरडा करा, मग भरा. मी आत्तापर्यंत ज्या गोष्टी सांगितल्या त्यांतली हीच सर्वाधिक टाळली जाते, कारण खंदक एकदा बुजला की कुणाला दिसत नाही.

मधला गाभा काळ्या मातीचा, दोन्ही बाजूंचे आवरण मुरमाचे. गाभा पूरपातळीच्या ३० सेंटिमीटर वर येऊन थांबतो. माती निवडताना चोपण जमीन टाळा. कालव्याखालच्या जुन्या बागायतीतली, पावसानंतर वर पांढरा थर येणारी, वाळली की दगड आणि भिजली की साबण होणारी माती बांधाला चालत नाही. ओळखायचे असेल तर काचेच्या ग्लासात आरओचे किंवा बॅटरीचे पाणी घ्या आणि त्यात मातीचा हरभऱ्याएवढा खडा अलगद सोडा. खडा ढासळून तळाला बसला तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला आणि दहा मिनिटांनीही बसला नाही, तर ती माती पाण्यात विरघळत जाणारी आहे, अशा मातीतली लहानशी भेग काही तासांत भुयार होते. शंका असेल तर नमुना नाशिकला दिंडोरी रोडवरच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. प्रॉक्टर घनता, म्हणजे ती माती दाबून जास्तीत जास्त किती घट्ट होते, आणि त्यासाठी योग्य ओलावा हे दोन आकडे तिथून हवेतच.

थर सैल २० सेंटिमीटरचा, दाबून १५ चा. काळ्या मातीला पॅडफूट (ठोकळ्यांचा) रोलर, मुरमाला कंप देणारा गुळगुळीत, दहा टनांच्या आसपास, आठ ते दहा फेऱ्या. काळ्या मातीत ओलावा साधारण २२ ते २८ टक्के लागतो, मुरमात १२ ते १६. पाणी टँकरने थरावर ओतून भागत नाही, कारण वरची दोन बोटे चिखल होतात आणि खाली ढेकळे कोरडी राहतात. माती जिथून उचलायची त्या जागीच आदल्या दिवशी भिजवा. शेतावरची परीक्षा सोपी आहे. मूठभर मातीचा लाडू वळला पाहिजे, तळहाताला चिखल लागता कामा नये, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत, भुगा होऊ नये. त्यासोबत दर थराला कोअर कटरने (मातीचा नमुना कापून काढणाऱ्या नळीने) घनता मोजा, प्रॉक्टरच्या ९५ टक्क्यांखाली आली तर थर उकरून पुन्हा दाबा. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून ओला करायचा. हायव्याच्या चाकांनी दबते म्हणून रोलर न लावणारे ठेकेदार भेटतील. चाकाखाली दबते, दोन चाकोऱ्यांच्या मधे दबत नाही. माती बांधाच्या पायथ्यालगत खणू देऊ नका, वरच्या अंगाला किमान ५० मीटर सोडा, नाहीतर खंदकाने बंद केलेली वाट तुम्ही दुसरीकडे उघडून द्याल.

कोरड्या अंगाला पायथ्याशी २ मीटर उंच दगडी पायथा, आणि भराव व दगड यांच्या मधे आधी वाळू, मग खडी, असे गाळणीचे थर. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड वापरली जाते. तिच्यात दगडाची पूड असते आणि पुडीने गाळणी बुजते, तेव्हा धुऊन घेतल्याशिवाय वापरू नका. पाण्याकडे ३० सेंटिमीटर दगडी अस्तर, त्याखाली १५ सेंटिमीटर खडी-चिपाचा थर.

आता तळातल्या त्या दीड मीटर पाण्याचा मुद्दा. पूर अडवणारा बांध वर्षातले अकरा-साडेअकरा महिने कोरडा उभा असतो. काळी माती वाळली की भेगाळते, शेतात मे महिन्यात पायाचा पंजा जाईल अशा भेगा पडतात त्या आपण पाहतोच. तशीच भेग गाभ्यात पडली आणि ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी दोन तासांत पाच मीटर पाणी चढले, तर मातीला फुगून भेग मिटवायला वेळच मिळत नाही. साठवण तलाव हळूहळू भरतो, त्याला तो वेळ मिळतो. म्हणून या प्रकारच्या बांधात गाभ्याच्या माथ्यावर मुरमाचे पांघरूण ९० सेंटिमीटरच्या खाली येऊ देऊ नका. वर दिलेल्या मापांत ते बरोबर तेवढे बसते. तळाला थोडे पाणी राहिले तर पाया आणि खंदकही ओलसर राहतात. काळ्या मातीचा गाभा उघडा ठेवून काम दिवाळीला थांबवले आणि मेमध्ये पुन्हा सुरू केले, तर वरचा भेगाळलेला सगळा थर काढून टाकावा लागेल.

कामाचे वेळापत्रक नाल्यावर ठरते. नोव्हेंबरात सफाई आणि खंदक, डिसेंबर-जानेवारीत पाईप आणि सांडवा, मग दोन्ही बाजूंचे भराव, आणि नाल्यातली घळभरणी, म्हणजे पात्रातला मोकळा ठेवलेला भाग भरणे, शेवटी, एकाच उन्हाळ्यात, मेअखेर पूर्ण. सांडवा कापून होण्याआधी घळभरणी करायची नाही. मार्चअखेर हिशेब बसत नसेल तर घळ तशीच मोकळी ठेवून पावसाळा जाऊ द्या. अर्धवट भरलेली घळ हे सर्वांत धोक्याचे धरण असते. जुन्या आणि नव्या भरावाचा सांधा १ ला ३ इतका सपाट कापून घ्या.

बांध झाला. आता खरी परीक्षा गावाची आहे. दुष्काळी भागात पावसाळा संपत आला की कुणाला तरी वाटणारच, हे पाणी वाया जाते आहे. मग पाईपच्या तोंडात पोती कोंबली जातात, किंवा सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचून 'फूटभर पाणी वाढवले' जाते. पोत्यांनी पूर अडवायची जागा जाते. गोण्या वाईट याहून, कारण १.२ मीटर मोकळ्या उंचीतले ३० सेंटिमीटर सरळ जातात आणि बांध माथ्यावरून फुटायची शक्यता वाढते. विहिरींना पाणी हवे असेल तर त्यासाठी वेगळा पाझर तलाव वेगळ्या ओढ्यावर घ्या, किंवा बांधाच्या खालच्या अंगाला नाल्यात दोन सिमेंट बंधारे घ्या. बारा तास सावकाश सुटणारे पाणी बंधाऱ्यांत भरते आणि जास्त मुरते. ग्रामसभेच्या ठरावात पाईप आणि सांडवा अडवणार नाही असे स्पष्ट लिहून घ्या, आणि सांडव्याच्या भिंतीवर माथ्याची पातळी रंगवा.

मृग निघण्याआधी दरवर्षी एक पाहणी. बाभूळ, सुबाभूळ कोवळी असतानाच उपटा. झाड मोठे झाले आणि मेले की मूळ कुजून नळी राहते. भरावावर फक्त हरळी किंवा वाळा चालतो. घुशी आणि उंदरांची बिळे, वारुळे खणून मातीचे घट्ट गारे भरा. खेकडेही पोखरतात, पण नीट दाबलेल्या गाभ्याला आरपार भोक पाडणे त्यांच्याने होत नाही, सैल भराव मात्र ते पोखरतात. जाळी साफ, पाईपमध्ये टॉर्च मारून सांधे पाहणे, पुच्छ कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जाणे.

पाणी पहिल्यांदा चढेल तेव्हा दोन माणसे कोरड्या अंगाच्या पायथ्याशी कंदील-टॉर्च घेऊन हवीत. दगडी पायथ्यातून स्वच्छ पाणी झिरपले तर भिऊ नका, ते तिथून निघावे म्हणूनच केले आहे. पाणी गढूळ झाले, धार वाढली, किंवा जमिनीतून उकळी फुटल्यासारखे वाळूचे वर्तुळ उठले, तर आतून माती वाहते आहे. तिथे मातीची पोती टाकून तोंड बंद करायचा मोह होतो, तो टाळा. बंद केलेले पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असा ढीग घाला, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. यासाठी एक ब्रास वाळू आणि दोन ब्रास खडी पायथ्याशी कायम ठेवा. पाण्याच्या बाजूला भोवरा दिसला किंवा माथ्यावर लांबट भेग पडून कड खचू लागली, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, खालची घरे उठवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि पायथ्याची वाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

परवानगीबद्दल. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच आणि १० ते १५ मीटरमधल्या ठरावीक धरणांना लागू होतो. तुमचा ८.४ मीटरचा बांध त्यात येत नाही, म्हणजे त्याची नियमित पाहणी त्या कायद्याने कुणावर बांधलेली नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडून आराखडा मंजूर करून घ्या, आणि देखभाल कुणाकडे हे हस्तांतराच्या कागदावर नावानिशी येऊ द्या. बुडितात वनजमीन येत असेल तर तिची मंजुरी आधी, तिला वेळ लागतो.

आणि एक गोष्ट बांध पूर्ण व्हायच्या आधीच करा. सांडव्यावरून ७० घनमीटर सुटले तर गावात पाणी कुठवर येईल ती रेषा सर्व्हेअरकडून गावनकाशावर काढून घ्या. बांध झाला की दोन-तीन वर्षे नाल्याला पूर येत नाही, आणि नाल्याकाठच्या जागेला भाव येतो. त्या रेषेच्या आत घरकुल, शाळेची खोली, समाजमंदिर, कशालाही ग्रामपंचायतीने नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, नोंद देऊ नये.